पहिली आयटी नोकरी सोडताना: पेपर टाकण्याआधीपासून पीएफ जुळेपर्यंत

"ताई, ऑफर आली. पेपर टाकून देऊ का?" नागपूरच्या मिहानमधल्या आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत राजीनाम्याचा हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतं. विचारणारा बहुतेक वेळा पंचविशीच्या आतबाहेरचा असतो, ही त्याची किंवा तिची पहिली नोकरी असते आणि घरात आयटीत काम करणारं दुसरं कुणी नसतं. बाबा सरकारी नोकरीत, नाहीतर इतवारीत दुकान. नोकरी बदलताना पीएफचं काय करायचं हे त्यांना कसं ठाऊक असणार? त्यांनी आयुष्यात एकच नोकरी केली, किंवा केलीच नाही.

मी स्वतः २०१५ मध्ये परसोडीच्या आयटी पार्कजवळच्या एका छोट्या कंपनीत टेस्टर, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणारी, म्हणून लागले. तीन वर्षांनी पुण्याला गेले, आणि पुढे परत नागपूरला आले. पहिली नोकरी सोडताना मी ज्या चुका केल्या, त्यातली एक निस्तरायला चार वर्षांनी मला जवळपास सात महिने लागले. म्हणून ज्या क्रमाने करायला हवं त्याच क्रमाने लिहिते आहे.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. कंपनीचा ईमेल आयडी शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतो. तुमचा पगार, टॅक्स, पीएफ, विमा, सुट्ट्या यांची सगळी नोंद त्या आयडीमागे असते. ती नोंद आयडी चालू असतानाच तुमच्या हातात यायला हवी.

१. ऑफर लेटरमधला आकडा फोडून पाहा

सीटीसी (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) म्हणजे पगार असं समजून होकार देऊ नका. एक उदाहरण कागदावर मांडू. सीटीसी ९ लाख. बाराने भागलं तर महिन्याला ७५,००० दिसतात. आता फोड करा:

- व्हेरिएबल १० टक्के: ९०,००० (कंपनीचं आणि तुमचं वर्ष चांगलं गेलं तर, तेही वर्षाच्या शेवटी)
- बेसिक (मूळ पगार) ४,५०,००० धरलं, तर त्यावर कंपनीचा पीएफ १२ टक्के: ५४,०००
- ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम), बेसिकच्या ४.८१ टक्के: २१,६४५
- ग्रुप विम्याचा हप्ता: समजा १२,०००

हे वजा केल्यावर उरतात ७,२२,३५५, म्हणजे महिन्याला साधारण ६०,२००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ४,५०० आणि व्यवसाय कर २०० गेला की खात्यात पडतात ५५,५०० च्या आसपास. (व्यवसाय कर महाराष्ट्रात फेब्रुवारीत ३०० कापतात, वर्षाचा हिशोब २,५०० होतो. महिलांना महिना २५,००० पगारापर्यंत तो लागत नाही.)

पंचाहत्तर हजार आणि साडेपंचावन्न हजार यांच्यात पुण्यातल्या एका खोलीचं भाडं बसतं. नागपुरात आईबाबांकडे राहून आज जे हातात उरतं, ते तिथे भाडं, डबा आणि दर दीड महिन्याला घरी येण्याचं तिकीट वजा जाता उरेल का, हे एकदा मांडून बघा. माझ्या टीममधल्या एकाला पुण्याची ऑफर तीस टक्के जास्तीची होती. आम्ही दोघांनी बसून मांडलं, तेव्हा महिन्याला हातात फक्त साडेतीन हजार जास्त येत होते. तो तरीही गेला, कारण काम चांगलं होतं. तो विचार करून गेला, हे मला आवडलं.

ग्रॅच्युइटीबद्दल: कायम नोकरीत ती सलग ५ वर्षं झाल्यावरच मिळते. तीन वर्षांत सोडणार असाल तर सीटीसीमधला तो आकडा तुमच्यासाठी शून्य आहे. आणि साडेचार वर्षं झाली असतील तर सहा महिने थांबण्याचा विचार नक्की करा. एका वर्षाच्या नोकरीमागे शेवटच्या बेसिकचे पंधरा दिवस (महिना २६ दिवसांचा धरून) असा हिशोब असतो. बेसिक ४०,००० असेल तर पाच वर्षांचे एक लाख पंधरा हजारांच्या आसपास होतात.

जॉइनिंग बोनस असेल तर त्याची अट वाचा. वर्षाच्या आत सोडलं तर तो परत मागतात.

२. पैशाआधी काम काय आहे ते विचारा

हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. मी सुरुवात केली तेव्हा एक्सेलमध्ये टेस्ट केस लिहायच्या, स्क्रीन उघडून एकेक बटण दाबायचं आणि निकाल भरायचा, एवढ्यावर टेस्टरचं पोट भरत होतं. मग आमच्याकडे आपोआप टेस्ट चालवणारी साधनं आली, आधी सेलेनियम, पुढे प्लेराइट. आता टेस्ट केसचा पहिला खर्डा एआय दोन मिनिटांत देतं. कुठे चुकू शकतं हे ओळखणं मात्र अजून माणसाचंच काम आहे, आणि ते जमायला खऱ्या सिस्टिमवर हात घालायला मिळावा लागतो.

म्हणून मुलाखतीत शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" असं म्हणतात, तेव्हा गप्प बसू नका. प्रोजेक्ट कुठला, नवीन बांधकाम की जुन्याची देखभाल, टीम किती जणांची, शिफ्ट कोणती, एआयची साधनं वापरायला परवानगी आहे का, हे विचारा. पगार दीडपट पण दोन वर्षं फक्त तक्रारींची तिकिटं बंद करायची, अशी ऑफर वयाच्या पंचविशीत मी घेणार नाही. पुढची नोकरी मागताना हीच दोन वर्षं तुम्हाला दाखवावी लागतात.

आणखी एक. ऑफर देण्याआधी "सिक्युरिटी डिपॉझिट", "लॅपटॉप चार्ज", "ट्रेनिंग फी" असं काही मागितलं तर तिथेच थांबा. नोकरी देणारी कंपनी पैसे मागत नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

३. राजीनाम्याच्या आधी कागद गोळा करा

आधी म्हणजे खरंच आधी. राजीनामा दिला की काही ठिकाणी पोर्टलचे अधिकार कमी करतात. ही यादी:

- ऑफर लेटर आणि नेमणूक पत्र (नोटीस आणि बाँडच्या, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या, अटी यातच असतात)
- प्रत्येक पगारवाढीचं पत्र
- पहिल्या महिन्यापासूनच्या सगळ्या सॅलरी स्लिप
- दरवर्षीचा फॉर्म १६ (वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा दाखला)
- शिल्लक रजेचा स्क्रीनशॉट, तारखेसकट
- विम्याचं कार्ड आणि पॉलिसीची प्रत
- यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) आणि पीएफचं पासबुक

मी २०१८ मध्ये फक्त शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिप घेतल्या होत्या, कारण नव्या कंपनीने तेवढ्याच मागितल्या होत्या. बाकीच्या जुन्या पोर्टलवर राहिल्या आणि पोर्टल माझ्यासाठी बंद झालं. पुढे एका नोंदीबद्दल वाद झाला तेव्हा मी त्या काळात तिथे काम केलं हे दाखवायला बँकेचं स्टेटमेंट शोधत बसावं लागलं.

एक काळजी घ्या: फक्त स्वतःचे कागद घ्या. कोड, क्लायंटची फाइल, टीमचं डॉक्युमेंट स्वतःच्या मेलवर पाठवलं तर तो नियमभंग ठरतो आणि रिलीव्हिंग लेटर (कंपनीने मोकळं केल्याचं पत्र) अडकू शकतं. स्वतःच्या स्लिपसुद्धा थेट पाठवायला मनाई असेल तर एचआरला मेल करून मागा.

घरासाठी कर्ज घ्यायचं चाललं असेल तर आधी कर्ज मंजूर होऊन रक्कम मिळू द्या, मग पेपर टाका. नव्या नोकरीत स्लिप साठेपर्यंत बँक थांबवते. बेसा-मनीषनगरकडे फ्लॅट बुक करून मध्येच नोकरी बदललेली आणि बिल्डरचे हप्ते अंगावर आलेली दोन कुटुंबं मी जवळून पाहिली आहेत.

४. राजीनामा आणि नोटीस

लेखी ऑफर, त्यावर सही आणि रुजू होण्याची तारीख हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. "तोंडी फायनल झालंय" यावर कुणी विसंबू नये.

राजीनामा मेलने द्या, तीन ओळींचा. मॅनेजरला आधी तोंडी सांगा, मग मेल. त्यात शेवटची तारीख स्वतः लिहा आणि एचआरचं "स्वीकारलं" असं उत्तर येईपर्यंत मागे लागा. नोटिसचे दिवस त्या मेलच्या तारखेपासून मोजतात.

आयटीत ९० दिवसांची नोटीस सर्रास असते. नवी कंपनी लवकर बोलवत असेल तर उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटता येतं का ते नेमणूक पत्रात पाहा. ते पैसे बेसिकवर मोजायचे की पूर्ण पगारावर, हेही तिथेच लिहिलेलं असतं, आणि या दोन आकड्यांत जवळपास दुपटीचा फरक पडू शकतो. नवी कंपनी ते भरून देणार असेल तर तसं लेखी घ्या.

नोटिसच्या काळात काम नीट हवाली करा. नागपूरचं आयटी क्षेत्र लहान आहे. परसोडी आणि मिहान मिळून सगळे एकमेकांना ओळखतात. आज ज्याला अर्धवट काम टाकून गेलात, तो पाच वर्षांनी तुमच्या मुलाखतीला समोर बसलेला असतो.

५. विम्यातली मोकळी जागा

कंपनीचा ग्रुप विमा बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवसासोबतच संपतो. दोन नोकऱ्यांमध्ये वीस दिवसांची सुट्टी घेतलीत तर ते वीस दिवस तुम्ही आणि पॉलिसीत जोडलेले आईबाबा उघड्यावर असता. स्वतःची वैयक्तिक पॉलिसी नोकरी चालू असतानाच घ्या. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून दावा मिळत नाही, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३ वर्षांपर्यंत थांबावं लागतं. ते घड्याळ जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही लागत नाही.

६. शेवटचा दिवस

लॅपटॉप, चार्जर, ओळखपत्र दिल्याची पोचपावती घ्या. साधी मेलही चालेल. माझ्या एका मैत्रिणीच्या हिशोबातून चार्जरचे पैसे कापले होते, आणि तो तिने दिला होता याचा पुरावाच नव्हता.

एचआरच्या नोंदीत तुमचा खासगी ईमेल आणि स्वतःच्या नावावरचा मोबाईल नंबर आहे ना, ते समोर बसून तपासा. चालू वर्षाचा टॅक्सचा दाखला पुढच्या जूनमध्ये येतो आणि तो याच मेलवर येणार असतो.

रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र आणि फुल अँड फायनलचा हिशोब, हे तीन कागद बाकी राहतात. हिशोबात पगाराचे दिवस, शिल्लक रजेचे पैसे आणि कपाती ओळ न् ओळ पाहा. पूर्वी कंपन्या यासाठी महिना-दीड महिना घेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत नोकरी सोडणाऱ्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत देण्याची तरतूद आहे. उशीर होत असेल तर मेलमध्ये तिचा शांतपणे उल्लेख करा.

पगाराचं खातं विसरू नका. काही महिने पगार जमा झाला नाही की बँक ते साधं बचत खातं करते आणि काही बँकांत किमान शिल्लक नसल्याचा दंड सुरू होतो. ठेवायचं की बंद करायचं, ते ठरवून टाका.

७. पीएफ: काढू नका, जोडून घ्या

माझे सात महिने याच पायरीवर गेले.

आधी रचना समजून घ्या. तुमच्या बेसिकमधून १२ टक्के पीएफमध्ये जातात. कंपनीही १२ टक्के टाकते. तुम्ही पेन्शन योजनेत असाल तर कंपनीच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे वळतात, मात्र ते १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर मोजतात, म्हणून पासबुकच्या पेन्शनच्या रकान्यात जास्तीत जास्त १,२५० दिसतात. ज्यांचं पीएफ १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच सुरू झालं आणि सुरुवातीलाच बेसिक १५,००० च्या वर होतं, त्यांना पेन्शन योजना लागू नाही. तरीही काही कंपन्या तो रकाना भरत राहतात आणि पुढे ट्रान्सफर अडतो. आजच पासबुक उघडून हा रकाना बघा.

यूएएन एकच असतो, तो नोकरीबरोबर बदलत नाही. नव्या कंपनीला जुनाच यूएएन द्या. दुसरा तयार झाला तर तो एक करण्याचं काम वाढतं.

आता माझी गोष्ट. २०२२ मध्ये घरासाठी पैसे हवे होते म्हणून पहिल्या नोकरीचा पीएफ नव्या खात्यात आणायला अर्ज केला. नामंजूर झाला. पुन्हा केला, पुन्हा नामंजूर. कारण वाचायला मी घाबरत होते. तिसऱ्यांदा नीट वाचलं. पहिल्या कंपनीने माझी सोडल्याची तारीख ३० जून टाकली होती. मी प्रत्यक्षात १५ जूनला सोडलं होतं आणि १८ जूनला पुण्यात रुजू झाले होते. कागदोपत्री मी बारा-तेरा दिवस दोन कंपन्यांत एकाच वेळी काम करत होते. कारकुनाने महिन्याचा शेवटचा दिवस टाकून दिला, एवढंच झालं होतं.

तारीख दुरुस्त करायला तेव्हा जुन्या कंपनीसोबतचं जॉइंट डिक्लरेशन (दोघांनी मिळून दिलेला दुरुस्तीचा अर्ज) लागायचं. मी परसोडीला गेले. दुसऱ्या मजल्यावर जिथे आमचं ऑफिस होतं तिथे कोचिंग क्लास सुरू झाला होता, भिंतीवर आमच्या जुन्या बोर्डाची चार भोकं तेवढी शिल्लक होती. कंपनी बंद पडली होती. अशा वेळी अर्जावर राजपत्रित अधिकारी, बँक मॅनेजर, पोस्टमास्तर अशा अधिकृत व्यक्तीची साक्षांकित सही घेऊन तो पीएफ कार्यालयात द्यावा लागायचा. माझ्या बँकेच्या धरमपेठ शाखेतल्या मॅनेजरबाईंनी रिलीव्हिंग लेटर आणि बँकेच्या नोंदी पाहून सही दिली. रिलीव्हिंग लेटर जपून ठेवलं होतं म्हणून ते शक्य झालं. त्यानंतरही अर्ज, वाट, पुन्हा चक्कर असं चालू राहिलं.

तुम्ही हे टाळू शकता:

- नोकरी सोडण्याआधीच यूएएन पोर्टलवर नाव, जन्मतारीख आधारशी अक्षर न् अक्षर जुळतंय का आणि वडिलांचं नाव बरोबर आहे का पाहा. आपल्याकडे मधलं नाव कुठे असतं, कुठे नसतं, आणि लग्नानंतर आडनाव बदललं की आणखी गोंधळ होतो. कंपनी चालू असताना दुरुस्ती सोपी असते.
- आधार, पॅन, बँक खातं यांची केवायसी मंजूर झालेली दिसली पाहिजे.
- सोडल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी सर्व्हिस हिस्टरीत सोडल्याची तारीख आली का, आणि बरोबर आली का, ते बघा. आलीच नसेल तर शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाल्यावर आधार ओटीपीने ती स्वतः भरता येते. भरताना रिलीव्हिंग लेटर समोर ठेवा. चुकीची तारीख स्वतःच भरलीत तर माझ्यासारखीच वेळ येईल.
- मग ट्रान्सफर झाला का ते पासबुकमध्ये तपासा. आपोआप होतो असं म्हणतात. कित्येकांचा होतोही. पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय झाला असं धरू नका.
- अडलं तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवा, क्रमांक जपून ठेवा.

"काढूनच घेतो ना, बाईक येईल" असं म्हणणाऱ्यांसाठी: सलग ५ वर्षं व्हायच्या आत काढलेला पीएफ करपात्र असतो. रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल तर पॅन असूनही १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला जातो. ट्रान्सफर केला तर जुन्या नोकरीची वर्षं या पाचात धरली जातात. पेन्शनसाठी लागणारी १० वर्षंही तशीच जोडून मोजतात, मध्ये पेन्शनचे पैसे काढले तर मोजणी पुन्हा शून्यापासून.

८. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली? टॅक्स स्वतः मोजा

हा सापळा नव्या करप्रणालीत हमखास लागतो. २०२५-२६ चं उदाहरण घ्या. पहिल्या सहा महिन्यांत जुन्या कंपनीत ५ लाख मिळाले. उरलेल्या सहा महिन्यांत नव्या कंपनीत ९ लाख. स्टँडर्ड डिडक्शनचे (सरसकट वजावटीचे) ७५,००० धरून पगारदाराला १२.७५ लाखांपर्यंत टॅक्स नाही. जुन्या कंपनीने आपलाच पगार पाहिला, टॅक्स शून्य. नव्या कंपनीनेही आपलाच पाहिला, टॅक्स शून्य. तुम्ही खूश.

प्रत्यक्षात एकूण पगार १४ लाख झाला, करपात्र रक्कम १३.२५ लाख. टॅक्स ७८,७५० आणि ४ टक्के उपकर मिळून ८१,९००. रिटर्न भरायला बसलात की ही रक्कम एकदम समोर येते, वर आगाऊ कर भरला नाही म्हणून व्याज.

उपाय सोपा आहे. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात जुन्या पगाराची आणि कापलेल्या टॅक्सची माहिती नव्या कंपनीला द्या. यासाठीचा फॉर्म १२बी नावाने ओळखला जातो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्यामुळे फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा एचआरला "आधीच्या कंपनीच्या उत्पन्नाचा फॉर्म द्या" असं म्हणा, ते बरोबर काढून देतील. मग उरलेल्या महिन्यांच्या पगारातून टॅक्स थोडा थोडा कापला जातो.

जुनी प्रणाली घेणार असाल तर घरभाड्याच्या पावत्या, करसवलतीच्या गुंतवणुकीचे (पूर्वीचं ८०सी) आणि विम्याच्या हप्त्याचे पुरावे नव्या कंपनीला नव्याने द्यावे लागतात. जुन्या कंपनीकडे दिलेले इकडे येत नाहीत.

जूनमध्ये दोन्ही कंपन्यांचे फॉर्म १६ (किंवा नव्या क्रमांकाचा तोच दाखला) मागवा आणि आयकर पोर्टलवरच्या एआयएसशी, म्हणजे तुमच्या उत्पन्नाच्या तिथल्या नोंदीशी, जुळवा. जुन्या कंपनीचा १५ जूनपर्यंत आला नाही तर त्याच आठवड्यात मेल टाका. ही आठवण मोबाईलमध्ये आजच लावून ठेवा, सोबत एचआरचा पत्ता आणि तुमचा जुना एम्प्लॉयी आयडी लिहून. एका वर्षाने तो आयडी आठवत नाही, आणि समोरचा पहिला प्रश्न तोच विचारतो.